कंपनीची ट्यून

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात किस्से फुटक्या डिस्प्लेंसारखे साचतात. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत. भडगावला मुश्ताकभाईंच्या दुकानात मी आणि योगेश एकाच टेबलावर बसायचो. मागच्या पावसाळ्यात डेंग्यूने योगेश गेला. तेव्हापासून मला किस्सा आठवतो तो त्याचाच.

*

कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत ‘व्हॅनिला’ म्हणजे वरून काहीही न चढवलेलं, कंपनीतून निघालं तसंच. योगेशला हा शब्द कॉलेजात मिळाला आणि त्याचं वेडच लागलं. कुठलाही फोन आला की हा विचारणार, "रिसेट मारू का? कंपनीतून निघाला तसा होईल."

एकदा एक नाना नवा फोन सजवून घ्यायला आले. थीम पाहिजे, चमकणारे आयकॉन पाहिजेत. योगेश म्हणाला, "नाना, एवढ्या मोठ्या कंपनीला जे सुचलं नाही, ते मी करू?"

नाना तसेच परत गेले. मुश्ताकभाईंनी कपाळाला हात लावला. "फोन सोड, तू तर गिऱ्हाईकच रिसेट केलंस!"

*

साखरपुडा झाल्यावर त्याच्या होणाऱ्या बायकोने फोन बघितला. स्क्रीनवर कंपनीने दिलेला डोंगर.

"माझा फोटो का नाही?"

"डोंगर आधीपासून होता!"

मुलगी आधी रुसली, मग हसत सुटली, म्हणून लग्न मोडता मोडता राहिलं. तारखेच्या आधीच मात्र डेंग्यू आला.

*

मुश्ताकभाईंच्या मुलीच्या लग्नात जेवणं चालली होती. कुणाचा तरी फोन वाजला. कंपनीची ती साधी ट्यून! आणि अख्खी पंगत खिसे चाचपायला लागली. सगळे योगेशनेच रिसेट केलेले. हा हातात वाटी घेऊन उभा, चेहरा नुसता फुललेला. "बघ, बठ्ठी मनी माणसं!" सगळी त्याचीच माणसं.

असा फुललेला योगेश मी परत पाहिला नाही.

*

तेराव्यानंतर त्याचे वडील, आबा, त्याचा फोन घेऊन दुकानात आले. लॉक नव्हतंच. फोटो तो काढायचा नाही, फोन भरतो म्हणायचा. मी सगळं उघडून दाखवलं. डोंगर, घड्याळ, कॅल्क्युलेटर.

आबांनी स्क्रीनवरून बोट फिरवलं. म्हणाले, "मना पोऱ्यानं यामा काहीच नही शे का रे?"

खरंच, त्यांच्या पोराचं त्यात काहीच नव्हतं. शोरूममधला नवा फोनसुद्धा असाच दिसतो. त्या दिवशी मला योगेशचा पहिल्यांदा राग आला.

मुश्ताकभाई म्हणाले, "आबा, साखरपुड्याचा फोटो आहे माझ्याकडे. स्क्रीनवर लावून देतो."

आबांनी फोन छातीशी धरला. "नको भाऊ. त्याले असं आवडे नही."

*

आता आबा बाजाराच्या दिवशी दुकानात येतात. चहा घेत नाहीत, काही विचारत नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहतात. मला वाटायचं, घरी करमत नसेल.

परवा मी एक फोन रिसेट केला. रिसेट झाला की दुकानाच्या नंबरवरून रिंग देऊन बघायची, ही आमची पद्धत. टेबलावर फोन वाजला, योगेशच्या फोनवर होती तीच कंपनीची साधी ट्यून. मी कट करायला हात पुढे केला, तर आबांचा हात माझ्या मनगटावर.

"राहू दे बेटा. वाजू दे."

मी हात मागे घेतला. रिंग संपली. आबा म्हणाले, "आखो एक डाव लाव ना."

मी परत नंबर लावला.