चैत्रांगणाशेजारचं कार्ड

कार्ड मीच उभं केलं. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर सगळा राग मी ताईंवर काढला आणि एवढं सांगायचं राहून गेलं. जाड, दुधी रंगाचं कार्ड होतं आणि त्यावर काळ्या शाईनं लिहिलेली वळणदार इंग्रजी अक्षरं. ताईंनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बिस्किटांच्या ताटाशेजारी ठेव, जरा तिरपं." मी ते मोगऱ्याच्या वाटीला टेकवलं, दोन पावलं मागं सरकून बघितलं, पुन्हा नीट केलं. छान दिसत होतं. इंग्रजी मला लागतं, पण एकेक अक्षर जुळवत. वळणदार असलं की अडखळते. आणि त्या दिवशी ताईंकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, तीसेक बायका यायच्या होत्या. वाचत बसायला सवड नव्हती.

बेंगळुरात येलहंकामधल्या एका घराच्या गच्चीवरची खोली आमची. खाली पहिल्या मजल्यावर ताई आणि त्यांचे मिस्टर. ते सरकारी कंपनीत इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. तळमजल्यावर घरमालकीण अक्का. आम्ही सांगोल्याकडचे. नवऱ्याला इथं कारखान्यात लेथवर काम मिळालं, आणि मी दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन मागून आले. ती आता आठवीत गेली. इतक्या वर्षांत कन्नड माझ्या तोंडात 'स्वल्प' आणि 'सरी' यांच्यापुढं फारसं सरकलेलं नाही. अक्का काहीही म्हणाल्या की मी 'सरी अक्का' म्हणते आणि मग खोलीत येऊन मुलीला विचारते, मी नक्की कशाला हो म्हटलं?

पहिली काही वर्षं मी गच्चीवरून खाली फारशी उतरलेच नाही. चैत्र आला की मात्र हात शिवशिवायचे. आई दर चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची. आमच्याकडं ती रीत नव्हती. आई मास्तरांच्या घरी सारवायला जायची, तिथल्या काकूंचं बघून शिकली. गौर, शंख, कासव, तुळस, गाईची पावलं, फणी, आरसा असं सगळं काढून झालं की आई आपल्या मनानं आणखी तीन गोष्टी काढायची: खुरपं, घागर आणि कोंबडी. अक्कांच्या फाटकासमोर अक्कांची ठिपक्यांची रांगोळी असायची, तिथं माझा हात कसा जाणार? मग मी पाण्याच्या टाकीशेजारी गच्चीचा एक तुकडा गेरूनं रंगवला आणि तिथं काढायला लागले. बघायला कोण, तर कावळे, आणि कधीतरी टाकी धुणारा माणूस.

ताई एकदा कपडे वाळत घालायला वर आल्या आणि बादली हातात धरून उभ्याच राहिल्या.

"हे तू काढलंस?"

मला वाटलं, गच्ची खराब केली म्हणून बोलतायत. म्हटलं, "पुसते लगेच."

"पुसतेस कशाला! पण चैत्रांगणात हे खुरपं कुठून आलं?"

"आईचं आहे."

"आणि कोंबडी?"

"तीही आईचीच."

त्या इतक्या हसल्या की बादली खाली ठेवावी लागली. इंजिनिअरांच्या बायकोशी मी पहिल्यांदा हसून बोलले ते तेव्हा.

पुढं ताईंनी मला जे दिलं ते मोजून सांगता येणार नाही. त्यांनी नवा ओव्हन घेतला तेव्हा जुना छोटा माझ्या खोलीत आणून ठेवला. लोणी किती मऊ हवं हे बोट दाबून दाखवलं. नानकटाई पसरते, तिच्यावर चित्र टिकत नाही, म्हणून कणीक आधी फ्रिजमध्ये गार करायची, हे त्यांनीच शिकवलं. मी रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, पिठाची गुळातली बिस्किटं करून बघितली. भाजून बाहेर आली तर रंग थेट गेरूच्या अंगणाचा! त्यावर साखरेच्या पांढऱ्या लेपानं मेंदीसारख्या कोनातून बारीक रेघ सोडली आणि माझे डोळेच भरून आले. तळहाताएवढं अंगण, त्यात एक कासव. खायचं कसं?

ताईंना घर लावायचा नाद. एकदा माझ्या खोलीत येऊन त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि नुसतं बघत राहिल्या. मी आपली काय काय लपवू या घाईत. त्या म्हणाल्या, "आधी उजेड कुठून येतो ते बघायचं, मग वस्तू." पूर्वेच्या खिडकीला लावून मी भांड्यांची मांडणी ठेवली होती. कितीतरी वर्षं मी म्हणत होते, खोली अंधारी आहे. आम्ही दोघींनी मांडणी उचलून दुसऱ्या भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन थेट ओट्यापर्यंत आलं. विरलेल्या इरकलीचा पडदा केला. भिंत कमरेपर्यंत गेरूनं रंगवली आणि वरच्या कडेला पांढरी वेल काढली. संध्याकाळी नवरा दारातच थांबला आणि म्हणाला, "खोली चुकली काय माझी?" तेव्हापासून तो बूट बाहेर काढतो.

मुलीला डेंग्यू झाला तेव्हा ताई दवाखान्यात माझ्याबरोबर बसल्या. डॉक्टर बोलायचे ते मला मराठीत सांगायच्या, वाईट असेल ते जरा मऊ करून. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

अशाच एका दुपारी, बिस्किटं ओव्हनमध्ये होती आणि आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो, तेव्हा ताईंनी विचारलं, "शाळा का सोडलीस गं?" आणि मी कुणाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं.

गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला पलीकडच्या गावी जायचं. बापानं माझ्यासाठी जुनी सायकल आणली, स्वतः घासून तिला हिरवा रंग दिला. त्याला शिकवायचं होतं मला. मलाच जाता आलं नाही. वाटेत कालव्याचा पूल होता. पुलापाशी आले की पोटात गोळा यायचा, हातपाय गार पडायचे. तिथं कुणी मला कधी अडवलं नाही, काही झालं नाही. तरी मी मागं फिरायची. चौथ्या दिवशी बाप माझ्या सायकलीबरोबर चालत आला, शाळेच्या दारापर्यंत. पाचव्या दिवशी मी अंथरुणातून उठलेच नाही. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बरं वाटलं की जा." मला बरं वाटलंच नाही. सायकल पडवीत उभी राहिली. त्यानं ती विकलीही नाही.

हे सांगून झाल्यावर मी ताईंना म्हटलं, "पोरीला सांगू नका. तिला मी दहावी पास सांगितलंय."

तिनं तिसरीत असताना विचारलं होतं आणि माझ्या तोंडातून दहावी निघून गेलं. मग त्याला शेपूट फुटत गेलं. अभ्यासाचा कंटाळा केला की मी म्हणायची, "मी दहावीला असताना चिमणीच्या उजेडात बसायची." भूमितीच्या पेपरात मला एक प्रमेय सुचत नव्हतं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सुचलं, ही गोष्ट तर मी इतक्यांदा सांगितली की मलाच तो वर्ग दिसायचा. ती गोष्ट माझ्या मैत्रिणीची होती.

ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझ्यापाशीच राहील."

या वर्षी ताईंनी हळदीकुंकवाला सगळा हॉलच चैत्रांगणावर सजवायचं ठरवलं. मोठ्या फळीला गेरू दिला, त्यावर मी दोन दिवस बसून चैत्रांगण रंगवलं, खुरपं-घागर-कोंबडीसकट. समोर पितळेच्या ताटांत रागीची बिस्किटं, प्रत्येकावर एक चिन्ह. कैऱ्या, मोगरा, डाळीच्या वाट्या, पन्ह्याचे पेले. ताईंनी दिवे असे लावले की पांढऱ्या रेघा उचलून दिसाव्यात. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, हे तू? सगळं?" त्या तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आता वर्षभर तरी हिला दहावीचं काही सांगावं लागणार नाही.

बायका आल्या. बसवनगुडीहून एक आजी आल्या, चार पिढ्यांपासून इथल्याच. त्या चष्मा पुसून पुढं वाकल्या. "अय्यो, किती चन्नागि काढलंय हे! आणि कोंबडी बघा कशी तोऱ्यात!" के. आर. पुरमहून आलेल्या दोघीजणी फोटोवर फोटो काढत होत्या. मी पन्हं फिरवत होते आणि अंगावर मूठभर मांस चढत होतं.

मग एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती सोसलंस गं."

मी म्हटलं, "नाही हो, दोन दिवसच बसले."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आजारी माणसाकडं बघतात. तिच्यामागची दुसरी म्हणाली, "वडलांनी शिकवलं असतं तर आज कुठल्या कुठं असतीस. त्या काळी गरिबीत मुलींचं असंच व्हायचं."

हिला माझा बाप कसा माहीत?

मी वळले तर मुलगी त्या कार्डासमोर उभी होती. तिला वळणदार इंग्रजी अडत नाही. तिनं एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझ्याकडं न बघता पेला टेबलावर ठेवला आणि जिन्यानं वर गेली.

मी मागोमाग गेले. ती टाकीपाशी उभी होती.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही? तूच तर ठेवलंस."

"वाचलं नाही गं मी."

तिनं सांगितलं. लिहिलं होतं की ही कला एका अशा बाईची आहे, जिची शाळा गरिबीमुळं घरच्यांनी सातवीत सोडवली, जिला कुणी शिकवलं नाही, आणि तरी तिच्या हातात असं सौंदर्य आहे. माझं नाव कुठंच नव्हतं.

"मग भूमितीचा पेपर कुणाचा होता?" मुलगी म्हणाली.

"मैत्रिणीचा."

"आणि चिमणीचा उजेड?"

"चिमणी होती. सातवीत होती."

"आईऽ, मी माझ्या वर्गात सांगितलंय ते. बाईंनासुद्धा!" एवढं बोलून ती रडायला लागली. मी जवळ गेले तर बाजूला सरकली. खालून पेल्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यातच ताईंचा, "अगं, पन्हं संपलं, कुठंयस तू?"

मी खाली गेले. पन्हं ओतलं. ते का केलं, अजून सांगता येत नाही. तीस बायकांसमोर ताईंची शोभा करायची नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या दारात उभी राहिले. आत ये म्हणाल्या, तरी गेले नाही.

"अगं, मी कौतुकच केलंय तुझं," ताई म्हणाल्या. "सगळ्यांनी ते कार्डच वाचलं आधी. किती जणींच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मी सांगू नका म्हटलं होतं."

"तुझी मुलगी ते वाचेल असं डोक्यातच आलं नाही बघ. चुकलं माझं. पण तिला कधीतरी कळणारच होतं ना?"

"आणि माझा बाप? त्यानं कुठं सोडवली शाळा? सायकलीचं सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला."

ताई अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "भीती वाटली म्हणून शाळा सोडली, हे दोन ओळींत कसं लिहायचं? लोकांना पटत नाही ते. गरिबी पटकन कळते."

खोली लावताना त्या ज्या सुरात बोलायच्या, तोच सूर होता. मांडणी इथं नको, तिकडं शोभेल.

मी म्हटलं, "नुसतं नाव लिहिलं असतं तरी चाललं असतं."

त्यांनी माझ्यासमोर कार्ड फाडलं, फोनमधला त्याचा फोटोही पुसून टाकला. पण तोवर तो बायकांनी इकडंतिकडं पाठवला होता. एकीनं सांगोल्याच्या बाजूला तिच्या भावजयीलाही धाडला म्हणे. बाप अजून आहे. त्याला इंग्रजी येत नाही. पण गावात आता वाचून दाखवणारे खूप झालेत.

ताई मला वाईट म्हणता येत नाहीत. ओव्हन लावला की त्यांचं बोट आठवतं, लोण्यात दाबलेलं. मी अजून खाली जाते, बिस्किटं देते, त्या विचारतील तेवढंच बोलते. त्यांनाही ते कळतं. परवा म्हणाल्या, "हल्ली काही सांगत नाहीस." मी म्हटलं, "सांगण्यासारखं काही नसतं, ताई."

मुलीला मी सगळं सांगितलं, पुलापासून पाचव्या दिवसाच्या अंथरुणापर्यंत. तिनं ऐकून घेतलं, माफ केलं असं काही दिसलं नाही. फक्त तेव्हापासून तिनं एक नवीनच काढलंय. मी म्हटलं, आज भाजीत मीठ बरोबर आहे, की ती म्हणते, "खरं, की दहावीसारखं?" मी म्हटलं, बाबा सातला येतील, "खरं, की दहावीसारखं?" नवरा हसतो. मला पहिले काही दिवस दर वेळी चटका बसायचा. आता मी उत्तर देते. मीठ खरं. सात नाही, साडेसात.

काल ती ओट्यापाशी बसून कोनातला उरलेला लेप बोटानं चाटत होती. एकदम म्हणाली, "आई, ताई चांगल्या आहेत का गं?"

"चांगल्या आहेत."

"खरं, की दहावीसारखं?"

माझ्या हातात पुढचं बिस्किट होतं. मी कासवाची पाठ पुरी केली, मग पाय काढले, मग शेपटी. ती वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

"अजून बघतेय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि ताट माझ्याकडं सरकवलं.