आईची गोळी चालेनाशी झाली
आईच्या स्तनाचा कॅन्सर बरा झाल्यावरही ती हार्मोन कमी करणारी गोळी रोज घ्यायची. तरी काही वर्षांनी तो हाडांत परतला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं, "कॅन्सरच्या पेशीतला, हार्मोनचा निरोप घेणारा रिसेप्टर बदललाय. आता हार्मोन नसतानाही तो पेशीला वाढायला सांगतो." मी मान हलवली, पण डोक्यात सगळा गोंधळच होता.

मंद्रूपला परतताना एसटीत आई म्हणाली, "गोळी तर मी कदी चुकवली न्हाय की. मग माजं कुटं चुकलं?"

"तुजं काय बी चुकलं न्हाय," मी म्हणाले. तेवढंच मला नक्की ठाऊक होतं.

पुढं गोळीऐवजी तो रिसेप्टरच बंद पाडणारं इंजेक्शन सुरू झालं आणि दुखणं उतरलं. रिसेप्टर म्हणजे काय, हे आई अजून विचारते. मला अजून नीट सांगता येत नाही.