अमेरिकेचा बोहाडा

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. एकोणिसाव्या वर्षी तर तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा. त्या वयात मी शेणव्याजवळच्या एका गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालवायची. महायुद्धाचं चौथं की पाचवं वर्ष असेल. दुपारची भांडी घासून झाली की नऊ बाया मारुतीच्या देवळात जमायच्या, आणि मी फळ्यावर पुस्तकातलं लिहायची, 'कमळ बघ, बदक बघ.' पहिल्या आठवड्यात त्या हसल्या, दुसऱ्या आठवड्यात पेंगायला लागल्या. एक तर तोंडावर म्हणाली, "गो मास्तरीण, कमळ नाय, बदक नाय, तर ह्या गावात बघायचा काय?" मला असा राग आला! पण तिचं खरंच होतं.

न पेंगणारी एकटीच, सगळं गाव जिला काकी म्हणायचं ती. भातशेतीत हाडं झिजलेली, पन्नाशीची बाई. तिचा नवरा कल्याणच्या लष्करी छावणीत भटारखान्यात होता. तो कुणाकडून तरी पत्र लिहवून घ्यायचा आणि इथे पोस्टमन ते पारावर उभं राहून खणखणीत आवाजात वाचायचा. सगळं गाव कान देऊन ऐकायचं. "माझ्या घरधन्याचं बोलणं आदी गावानं ऐकायचं नि मंग मी," काकी म्हणायची. "असं कुठं असतं का गो?" एवढ्या एका गोष्टीसाठी ती वर्गाला यायची. पण अक्षर काही तिच्या हाताला लागत नव्हतं. बाकीच्या जोडाक्षरांवर गेल्या, तरी ही एकेका अक्षरावर बोट ठेवून बसलेली असायची.

अमेरिका आमच्याकडे आली ती असल्याच एका पत्रातून. छावणीत अमेरिकेचे सोल्जर आलेत, दिवसभर काहीतरी चघळतात पण गिळत नाहीत, असं त्यात होतं. बायकांनी देऊळ डोक्यावर घेतलं. "माणसं हायती का गुरं? कुठली ही? त्ये लिव फळ्यावर!" मी शहापूरला जाऊन एका वकिलांच्या कपाटातून अमेरिकेच्या इतिहासाचं जुनं मराठी पुस्तक मागून आणलं. वकील हसून म्हणाले, "बायकांना काय करायचंय अमेरिकेशी?" मी म्हटलं, "तुम्हाला तरी काय करायचंय? एकमेकांना जोडलेली पानंसुद्धा फाडलेली नाहीत अजून." पुस्तक मिळालं, चहा मिळाला नाही.

आता हा इतिहास सांगायचा कसा? इसवी सन म्हटलं की बाया जांभया द्यायच्या. मग मला बोहाडा सुचला. आमच्या भागात बोहाड्यात देवदैत्यांची सोंगं एकामागून एक येतात, संबळाच्या तालावर नाचतात, आपला खेळ करून जातात, मग पुढचं सोंग. मी म्हटलं, अमेरिकेचा एकेक काळ म्हणजे एकेक सोंग. रोज एक आणायचं, चार ओळींत फळ्यावर लिहायचं, वाचायचं. लगेच हरकत आली. पहिलं सोंग गणपतीचं! त्याशिवाय बोहाडा उभाच राहत नाही. तेव्हा आमच्या अमेरिकेच्या इतिहासात पहिला गणपती येऊन नाचून गेला. मी हात टेकले.

मग आला तो खलाशी. निघाला होता हिंदुस्थानला, पोचला भलतीकडेच. "म्हंजे आपल्याकडं येत व्हता?" एकीनं विचारलं. हो म्हटलं. "मंग त्याला चकवा लागला असंल." साऱ्यांना पटलं. सिद्धगडच्या रानात माणूस सरळ चालता चालता फिरून तिथेच येतो, तसाच समुद्रातही चकवा असणार. मी कितीही समजावलं असतं तरी त्यांनी हे मत सोडलं नसतं. चहाच्या पेट्या समुद्रात बुडवून तिकडच्या लोकांनी इंग्रजांच्या राजाला हाकललं, ते सोंग आम्ही दारं लोटून घेतलं, आणि कुजबुजत टाळ्या वाजवल्या. काय मजा आली म्हणून सांगू! नंतरचं मात्र त्यांना आवडलं नाही. लोक गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले, रानं तोडली, शेतं केली. "आन् त्या रानात आदी कोण व्हतं?" काकीनं विचारलं. मी सांगितलं. तिथलीच मूळची माणसं, त्यांना हुसकून लावलं. मग आलं भावकीचं भांडण. माणसं विकत घेऊन शेतात राबवायची, हा दक्षिणेकडच्यांचा हट्ट. उत्तरेकडचे म्हणाले, नाही. घरच्या घरात लढाई जुंपली. उत्तरेकडचे जिंकले, गुलाम सुटले. हे सोंग त्यांनी आठवडाभर जाऊच दिलं नाही. आगगाड्या, कारखाने, मंदीतल्या पावासाठीच्या रांगा, सगळं ताटकळत राहिलं.

इतक्यात चिठ्ठी आली, दिपोटी येणार. म्हणजे शाळा तपासणारे साहेब. मुरबाडकडचे दोन वर्ग त्यांनी बंद केले होते. बायका वाचत नाहीत, नुसती पोपटपंची करतात, असा शेरा मारून. काकीनं विचारलं, "बंद केला तर मंग मी कुठं शिकू?" मी उगाच तिच्यावरच खेकसले, "आधी ते अक्षर बघ!"

दिपोटी भर दुपारी आले. काळा कोट, घामाघूम. मी घाईघाईनं फळ्यावर भावकीच्या भांडणाचं सोंग लिहिलं आणि म्हटलं, वाचा. आठजणींनी एका सुरात, डोळे मिटून, माना डोलवत सुरू केलं. "...उत्तरेकडचे जिंकले, गुलाम सुटले!" वर हौसेनं संबळाचे बोलही जोडले.

दिपोटींनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, हे फळ्यावर नाहीच. सगळं पाठांतर आहे. वर्ग बंद करावा लागेल." त्यांनी शेरेबुक उघडलं.

मी फळा बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. घाईत मी लिहून बसले होते, 'दक्षिणेकडचे जिंकले.' चूक माझी, आणि शिक्षा ह्यांना!

तेवढ्यात फळ्याजवळूनच आवाज आला. काकी अजून वाचतच होती. तिला कुणाबरोबर धावता यायचं नाही. ती फळ्याला नाक लावून, बोट फिरवत होती. "द... क्षि... णे... कड... चे..." आणि थबकली. पुन्हा बोट मागे नेलं. पुन्हा वाचलं. मग गर्रकन वळली आणि माझ्या अंगावर आली. "दक्षिणेकडचे जिंकले? ह्ये काय लिवलंस गो? मंग गुलाम सुटले कसे?"

"कुठं? कुठं लिवलंय?" आठहीजणी फळ्यावर तुटून पडल्या. एक म्हणे इथं, दुसरी म्हणे वरच्या ओळीत बघ. प्रत्येकीनं ती ओळ मोठ्यानं वाचली, एकदा नाही, तीन तीनदा, आणि प्रत्येकीनं मला शिव्या घातल्या. दिपोटींचं शेरेबुक तसंच उघडं राहिलं. ते आधी चक्रावले, मग हसायला लागले, इतके की टोपी काढून बसले. "वाचतात हो, वाचतात!" म्हणाले. "वर्ग चालू ठेवा. मी लिहितो तसं." आणि त्यांनी दौतीत टाक बुडवला.

मला रडूही आलं आणि हसूही. मी काकीचा हात धरला. पण तिचं लक्ष ना माझ्याकडे, ना साहेबाकडे.

"थांबा सायेब," ती म्हणाली. "तुमचं लिवणं मंग. आदी ती माणसं सोडवू द्या."

'जिंकले' हा शब्द तिनं तळहातानं पुसला. माझ्या हातातला खडू काढून घेतला. ह काढायला तिला बराच वेळ लागला. र लवकर झाला. ल वर मात्रा देताना खडू मोडला, तर उरलेल्या तुकड्यानं दिली. 'हरले.'

दिपोटी टाक हातात धरून तोवर थांबून राहिले होते.