जहाजाआधी मुंबई: मंगरूळपीरहून व्हिसाच्या खिडकीपर्यंत

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी पाचला उठले. पाणी भरलं. दहा वाजता बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. दुपारी जाऊबाई कामरगावहून कारंजामार्गे आल्या. जेवलो, घराला कुलूप लावलं आणि चार वाजता मंगरूळपीरच्या स्टँडवरून अकोल्याची एसटी धरली. सोबत दोन बॅगा, एक प्लास्टिकची फाईल, दोन पासपोर्ट.

आम्हाला मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर जायचं आहे. सात दिवसांचं जहाज, फ्लोरिडातून निघतं, बेटांवर थांबत परत तिथेच येतं. हे लिहिते आहे ते त्या जहाजाबद्दल नाही, कारण ते अजून पाहिलेलंच नाही. त्याच्या तयारीतला मोठा टप्पा म्हणजे मुंबईला जाऊन अमेरिकेचा व्हिसा काढणं. आपल्या भागातून कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मुलगी पल्लवी तिकडेच, अमेरिकेत असते. तिने जहाजावरची ही खोली मागच्या वर्षी आम्हा दोघांसाठी धरली होती, माझ्यासाठी आणि तिच्या बाबांसाठी. जुलैमध्ये हे गेले. पल्लवी म्हणाली, आई, रद्द करूया. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. जायचं एवढंच ठरलं होतं. ह्यांच्या जागी थोरल्या जाऊबाईंचं नाव घातलं. त्यांचा पासपोर्ट दुबईला लेकाकडे जायचं म्हणून काढलेला होता, जाणं झालं नव्हतं. भासऱ्यांचं, म्हणजे जाऊबाईंच्या मिस्टरांचं, म्हणणं पडलं की वर्षश्राद्ध झाल्याशिवाय असं फिरायला जाऊ नये. पहिल्या वर्षी घरात तळण नाही, सण नाही, आणि जहाज कसं चालेल. ते वाईट बोलले नाहीत, काळजीने बोलले. जाऊबाईंनी त्यांना सांगितलं की जहाज काही वर्षभर थांबत नाही, आणि पुढचा विषय काढला.

जाऊबाई नऊवारी नेसतात. डेकवर वारा फार असतो म्हणून पल्लवीने पंजाबी ड्रेस शिवायला सांगितले. आमच्या टेलरचाचांकडे माप द्यायला गेलो तेव्हा साठीनंतर पहिल्यांदा ड्रेस घालणारी बाई म्हणून चाचांनी जरा गंमत केली. जाऊबाई म्हणाल्या, "मापात कंजुशी नको करू भाऊ. माये टोंगळे दुनियेले दाखवाले नाई चालली मी." चाचांनी कमीज गुडघ्यांच्या खाली, पोटरीपर्यंत लांब शिवली, आणि जहाजात मळमळलं तर लिंबू हुंगत राहा, असा सल्ला फुकट दिला. त्यांचे आजोबा बोटीने हजला गेले होते, त्यांचं ऐकलेलं.

आता कामाचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. अकोल्याला मुंबईच्या रात्रीच्या गाड्या बऱ्याच आहेत, पण खालचा बर्थ हवा असेल तर महिनाभर आधी तिकीट काढा. जेवण घरून न्या. आम्ही ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कोरडं पिठलं नेलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चाललं. मुंबईत वकिलातीच्या आसपासची हॉटेलं महाग आहेत. आम्ही कुर्ल्याला एका साध्या लॉजवर उतरलो. खोली लहान, पण पाणी भरपूर. तिथून रिक्षाने अर्धा तास धरा.

व्हिसासाठी दोन वेगवेगळे दिवस लागतात. पहिल्या दिवशी एका केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वकिलातीत मुलाखत. जहाज अमेरिकेतून बाहेर पडून परत अमेरिकेतच येतं, म्हणून पुन्हा पुन्हा शिरता येईल असा व्हिसा लागतो. बेटांचे नियम जहाज कंपनीकडून लेखी मागून घ्या.

गुरुवारी ठशांचं काम तासाभरात झालं. दुपारी लॉजवर आलो. जाऊबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांच्या फॉर्ममध्ये काय काय भरलं आहे ते मी त्यांना वाचून दाखवत होते. उद्या विचारलं तर उत्तर तेच यायला हवं. त्यांचा संपला. मग त्या म्हणाल्या, आता तुझा वाच.

मी वाचत गेले. नाव, जन्मतारीख, पत्ता. पुढे वैवाहिक स्थिती. तिथे लिहिलं होतं, विवाहित. खाली ह्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि पत्ता माझ्यासोबतचाच.

फॉर्म शेलूबाजारच्या एका इंटरनेटवाल्या भाऊंकडून भरून घेतला होता. त्यांनी विचारलं, मिस्टरांचं नाव. मी सांगितलं. काय करतात, म्हणाले. शिक्षक, रिटायर, असं मी सांगितलं. शेवटी त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून सगळं बरोबर आहे ना मावशी, असं विचारलं, आणि मी हो म्हटलं. त्यांची काहीच चूक नाही. मी तीस वर्षं आरोग्य सेविका होते. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी मी लिहिल्या आहेत, दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढल्या आहेत. तो शब्द मी पडद्यावर पाहिला होता. खोटं लिहायचं माझ्या मनात नव्हतं. मला तो चुकीचा वाटलाच नाही.

पल्लवीला फोन लावला. तिकडे पहाट होती. तिने सांगितलं की आता नवा फॉर्म भरला तर त्याचा नंबर उद्याच्या वेळेशी जुळणार नाही, घोळ वाढेल. उद्या खिडकीवर गेल्या गेल्या, त्यांनी काही विचारायच्या आत, तूच सांग. त्यांनी शोधून काढलं तर खोटी माहिती दिली असं धरतील आणि व्हिसा नाकारतील. नाकारला तर पुढची तारीख मेच्या आत मिळणं कठीण. म्हणजे जहाज गेलं.

जाऊबाई ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तू तोंडानं कधी म्हटलंच नाई शोभा. लोक बोलाले येत, आमीच सांगत राह्यलो. तू नुसती मान हालवत होती."

ते खरं होतं. सात महिन्यांत ते वाक्य मी एकदाही बोलले नव्हते. वर मी 'हे गेले' असं लिहिलं आहे, ते आज लिहिता येतं.

मग त्यांनी पलंगावर मांडी घातली, माझा चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "मी गोरा सायब हाओ समज. बोल, तुया नवरा कुठी हाय?"

मी म्हटलं, त्यांची तब्येत बरी नव्हती.

"सायबानं तब्येत नाई विचारली."

मी म्हटलं, जुलैमध्ये अकोल्याला दवाखान्यात नेलं होतं.

"नेलं होतं. मंग आनलं का?"

मला राग आला. मी त्यांना म्हटलं, बाई, राहू द्या हे. त्यांनी चष्मा काढला नाही. "तू सांग अन् मंग राहू देतो. उद्या मी तुया खिडकीवर असन का नसन, मले मालूम नाई."

तेव्हा मी म्हटलं. आवाज बारीक निघाला. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. पाचव्या-सहाव्या वेळेला ते एक वाक्य झालं. मग त्यांनी चष्मा परत दिला आणि चहा सांगायला खाली गेल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे धुतलेले दिसत होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता रांगेत होतो. फोन, पर्स, डबा काही आत नेता येत नाही, फक्त कागद. फोन लॉजवरच ठेवून जा, म्हणजे बाहेर कोणाच्या भरवशावर ठेवायला नको. मुलाखत मराठीत देता येते, ते फॉर्ममध्येच सांगायचं असतं. आम्ही एका घरच्या म्हणून दोघींना एकाच खिडकीवर बोलावलं. काचेपलीकडे अधिकारी बाई होत्या, शेजारी मराठी समजावून सांगणारे एक गृहस्थ.

नमस्कार झाला आणि मी लगेच बोलले. "फॉर्ममध्ये एक चूक आहे. मी विवाहित लिहिलं आहे. माझे पती मागच्या जुलैमध्ये वारले. चूक माझी आहे."

पेन्शनच्या कामासाठी काढलेला ह्यांचा मृत्यूचा दाखला फाईलमध्येच होता, तो काचेखालून सरकवला. त्या बाईंनी तो पाहिला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. मग, जायचं कारण काय, असं विचारलं. आम्ही दोघं जाणार होतो, आता मी आणि माझ्या जाऊबाई जाणार, असं मी सांगितलं. परत कशावरून याल, हा प्रश्न जाऊबाईंना होता. त्यांनी सांगितलं, "जूनमंदी पेरनी हाय. मी नाई आली त माया घरी बियान्याची थैलीच कोनी फोडत नाई."

थैली म्हणजे काय, ते त्या गृहस्थांनी पुन्हा विचारून घेतलं आणि मग इंग्रजीत सांगितलं. अधिकारी बाई हसल्या. दोघींचे पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले. ठेवून घेतले म्हणजे व्हिसा मिळाला. हे आम्हाला बाहेर आल्यावर रांगेतल्या एका माणसाकडून कळलं. जाऊबाई तोवर पासपोर्ट जप्त झाले असं धरून चालल्या होत्या.

शनिवारी दुपारी मंगरूळपीरला पोहोचलो. जाऊबाई स्टँडवरूनच पुढे गेल्या. जाताना म्हणाल्या की कमीजचा रंग डेकवर मळेल, अजून एक गडद शिवून घेऊ.

अजून बरंच बाकी आहे. विम्याचे कागद, ह्यांच्या आणि माझ्या जुन्या बॅगांपैकी कोणती न्यायची, डेकवर चालायला बूट. वर्षश्राद्ध जुलैमध्ये करू, त्याआधी आम्ही परत आलेलो असू. मुंबईहून काय आणलं असं विचाराल तर एक वाक्य आणलं. ते बोलल्याने दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण ते आता माझं मला सांगता येतं, त्यासाठी कोणाला शेजारी बसावं लागत नाही.

सोमवारी सकाळी गॅसची गाडी आली. माणूस नवा होता. सिलेंडर ओट्यापाशी टेकवून त्याने पावतीवरचं नाव वाचलं आणि सर घरी आहेत का म्हणून विचारलं. सर वारले, मी आहे, असं मी सांगितलं. त्याने सही घेतली आणि पुढच्या घरी गेला. मी सिलेंडर तिरपा करून फिरवत स्वयंपाकघरात नेला, झाकण काढलं, रेग्युलेटर बसवला. तो पहिल्यांदा नीट बसला नाही, पुन्हा काढून दाबला. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. आले नाहीत. मग शेगडी पेटवली आणि भात टाकला.