कमलाकरची हेराल्ड आणि बाळूच्या रजा

पनवेलला उरण नाक्याजवळ कमलाकर पांचाळचं लेथचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक शर्यतीची गाडी होती. ती दहा वर्षं शर्यतीत उतरली नाही. गाडीत खोट होती म्हणाल, तर तसं काही नव्हतं. खोट कमलाकरमध्ये होती.

गाडी मूळची स्टँडर्ड हेराल्ड. घाटाखालच्या एका भंगारवाल्याकडून त्याने तिचा सांगाडा आणला, टप कापून टाकला आणि स्वतः पत्रा ठोकून दोन माणसांपुरतं बुटकं, उघडं अंग तिला चढवलं. मद्रासजवळ दर फेब्रुवारीत हौशी लोकांच्या मोटारशर्यती भरायच्या. तिथे ही गाडी पळवायची, एवढं एकच मागणं त्याने आयुष्याकडे मागितलं होतं. चालवणार मात्र तो नव्हे. कमलाकर स्टिअरिंगवर बसला की सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून पुढे जायचे. चालवणार बाळू घरत.

बाळू गव्हाणचा. शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. पुढे बाळू एसटीत लागला आणि त्याला पनवेल-उरण फेरी मिळाली. मिठागरांमधून जाणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर तो गाडी अशी काही वळवायचा, की उभ्या बायकांच्या टोपल्या जागच्या हलत नसत आणि तरी उरण वेळेआधी यायचं. हे शिकवून येत नाही. कमलाकरला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्याने गाडी बांधायला घेतली.

शहाऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी त्यांनी ती पहिल्यांदा पळवली. नवीन पनवेलला सिडकोचे रस्ते झाले होते, घरं यायची होती. चार कोपऱ्यांवर चार रिकामी पिंपं ठेवली आणि बाळूने हेराल्ड त्यांच्याभोवती अशी फिरवली की शेजारी बसलेल्या कमलाकरच्या तोंडाला कोरड पडली.

"नेऊ हिला," उतरल्यावर बाळू म्हणाला. "आता हाय तशी नेऊ. मी रजा टाकतो."

"तिसऱ्या सिलिंडरचा आवाज ऐकलास? थोडं काम बाकी आहे."

आवाज बाळूला ऐकू आला नव्हता. खरं तर दुसऱ्या कुणालाच आला नसता. कमलाकरने इंजिन उतरवलं, बोअर मारलं, नवे पिस्टन घातले. आणि नवे पिस्टन म्हणजे गाडी रबिंगवर. पहिले हजार मैल ती दमादमानेच चालवायची, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. त्यामुळे मद्राससाठी काढलेल्या रजेत बाळू शर्यतीची गाडी ताशी पंचवीस मैलांनी पेणला नेत होता आणि परत आणत होता. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात होता. हजार मैल भरेपर्यंत मार्च उजाडला.

पुढच्या वर्षी हेड घासलं. मग फ्लायव्हील लेथवर चढवून हलकं केलं. मग मुंबईहून जोडकार्बोरेटर आले, ते एकमेकांशी जुळवण्यात दोन वर्षं गेली. प्रत्येक कामानंतर गाडी आधीपेक्षा चांगली होई, यात शंका नाही. पण चांगली झाली की कमलाकरला तिच्यातलं पुढचं उणं दिसे, आणि दिसलं की त्याला राहवत नसे. पुन्हा इंजिन खाली, पुन्हा रबिंग, पुन्हा पेण. बाळू दर जानेवारीत रजेचा अर्ज देई आणि डेपोतले लोक विचारत, "काय घरत, यंदा पेणच का?" बाळू हसून सोडून देई. त्याला हसताना बघून वाईट वाटावं, इतकं कमलाकरचं लक्ष त्याच्याकडे नसे.

त्र्याण्णवला बाळूला साखर निघाली. पंचाण्णवला एसटीच्या डॉक्टरने त्याचे डोळे तपासले, स्टिअरिंगवरून उठवला आणि डेपोत कागद लिहायला बसवला. ते सांगायला तो दुकानात आला, तेव्हा कमलाकर कॅमशाफ्टला पॉलिश करत होता. "बरं झालं, उन्हातान्हाची दगदग वाचली," तो म्हणाला आणि मायक्रोमीटर उचलला. बाळू थोडा वेळ स्टुलावर बसला आणि निघून गेला.

कमलाकरची बायको शकू दारात उभी होती. "अहो, त्या गाडीतलं तेल तुम्ही रोज बघता," ती म्हणाली. "बाळूभाऊजींच्या तोंडाकडे कधी बघितलंत?"

ते कमलाकरला लागलं, पण काम हातावेगळं व्हायचं होतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत अखेर त्याला गाडीत काही सापडेना. त्याने आठ दिवस शोधलं. मग तो स्वतः गव्हाणला गेला आणि म्हणाला, "झाली. चल." बाळूने डोळ्यांचा विषयच काढला नाही. त्याने रजेचा अर्ज दिला.

तोवर मद्रासचं चेन्नई झालं होतं. ट्रकमधून गाडी उतरली आणि सरावाच्या दिवशी बाळू तिच्यात बसला. कमलाकर कठड्याला टेकून कान देऊन उभा राहिला. इंजिन एका सुरात गात होतं. त्याचे डोळे भरून आले. मग वळणाच्या कितीतरी आधी आवाज उतरला. पुढच्या वळणालाही तेच. एक फेरी करून बाळू आत आला.

कमलाकरने लगेच बॉनेट उघडलं. "कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा आलाय. पेट्रोल पोचत नाही."

"जेट बरा हाय," बाळू म्हणाला. "मना वलन दिसलं नाय. समदं धुरकट दिसतं."

"मग डोळे दाखवू. मुंबईला मोठा डॉक्टर आहे, वर्षभरात..."

"डॉक्टर बोलला, आता काय व्हनार नाय. तुला सांगितलेलं." बाळू गाडीतून सावकाश उतरला. त्याने दाराच्या पत्र्यावरून हात फिरवला. "गाडी चांगली हाय रे. धा वरसां आदीपन चांगलीच होती."

तो रागावला असता तर कमलाकरला सोपं गेलं असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. कमलाकरला आपली लाज वाटली, इतकी की त्याला मान वर करता येईना. गाडीचा एकन्एक भाग त्याने बदलला होता, घासला होता, पुन्हा पुन्हा तपासला होता. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो माणूस तेवढ्या वेळात झिजून गेला होता.

शेजारी एक कोईमतूरचा माणूस होता. त्याची गाडी सकाळीच बंद पडली होती आणि तो मघापासून हेराल्डभोवती घुटमळत होता.

"याला दे," बाळू म्हणाला. "मना निस्ती ऐकू दे."

"तुझी गाडी आहे ती."

"म्हनून तर बोलतोय. दे."

कमलाकरने किल्ली दिली. दोघं कठड्यापाशी टायरांवर बसले आणि हेराल्ड बाहेर पडली. माणूस बरा चालवत होता, पण नुसता बरा, त्यापलीकडे नाही. बाळूने डोळे मिटून घेतले. पहिल्या वळणापाशी त्या माणसाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललेला दोघांनाही ऐकू आला.

बाळूने आपला उजवा पाय उचलला नव्हता. तो चपलेसकट मातीत दाबलेला होता, आवाज उतरल्यावरही कितीतरी क्षण तसाच, आणि मग नेमका जिथे सुटायला हवा होता तिथे सुटला. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. कमलाकरने गाडीकडे बघणं सोडून दिलं. सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत तो बाळूच्या पायाकडेच बघत बसला.