पांगाऱ्याचं लोढणं

बदलापूरला पूर्वी घोडे बदलत, म्हणून गावाचं हे नाव, असं जो तो येऊन सांगतो. बदलत असतील बापडे. आमच्या कुळगावच्या आळीत मात्र सात पिढ्यांत कुणी घोडा बांधला नव्हता. बैल, म्हशी, दोन-चार शेळ्या, एवढंच आमचं गोकुळ. माझं माहेरही शेतकऱ्याचंच. घोडा वरातीत बघायचा आणि तोही लाथ पोचणार नाही इतक्या लांबून, याच्या पुढचं ज्ञान कुणाला नव्हतं. अशा घरात घोडी आली ती आमच्या ह्यांच्या पायामुळे.

ह्यांच्या लहानपणी भाताने भरलेल्या गाडीचं चाक उजव्या पावलावरून गेलं होतं. हाड वाकडं जुळलं. कोरड्यात चालायचे, लंगडत का होईना. पण लावणीच्या चिखलात तो पाय रुतला की निघायचा नाही आणि माणूस तोंडघशी पडायचा. शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा आणि त्याला चिखलात उभं राहता येत नाही, म्हणजे झालंच की! सासरे मनाने वाईट नव्हते. पण एकदा चारचौघांत बोलून गेले, "चिखलात उभा ऱ्हात नाय तो कसला शेतकरी? बसून खायाचं नशीब घेऊन आलाय." ते ह्यांच्या कानावर पडलं. लग्नानंतर मी जो नवरा बघितला तो ओटीवर बसलेला. सकाळी जिथे, संध्याकाळीही तिथेच. मला संताप यायचा, उगाच खोटं कशाला बोलू? ह्यांचा यायचा, सासऱ्यांचा यायचा, आणि त्या ओटीचा तर असा यायचा की सारवताना मी तिला शेणाचे फटकारे मारायची.

मग फाळणी झाली. कल्याणच्या पुढे लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या, त्यांत सिंधी निर्वासित येऊन राहिले. बघता बघता तिथे कॅम्पांचं शहर उठलं. माणसं आली, त्यांची बोचकी आली, आजारी म्हातारी आली, बाजार आला. आणि ह्या सगळ्यांना स्टेशनावरून वाहायला टांगे लागले. कल्याणचा एक टांगेवाला धंदा मोडून मुलुखाला चालला होता. त्याची घोडी आणि टांगा ह्यांनी घेतला. कसा घेतला ते विचारू नका, त्यानंतर माझ्या गळ्यात काळे मणी तेवढे राहिले. पण मला त्याचं दुःख नव्हतं. ओटी रिकामी झाली होती.

सकाळी उठून हे टांगा जोडायचे आणि अंबरनाथला जायचे. अंबरनाथ स्टेशन ते चार नंबर कॅम्प, दिवसभर तेच. टांग्यावर बसलेल्या माणसाचा पाय कोण बघतो? तिथल्या बाया ह्यांना 'साईं' म्हणायच्या, म्हणजे मालक. "आज एक म्हातारी म्हणाली, साईं, ज़रा धीरे चलो," असं घरी आल्यावर मला सांगायचे, जेवताना पुन्हा सांगायचे. मी म्हणायची, कळलं हो साईं, आता भाकरी खा. हसायचे. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा मंगळसूत्रं मोडली असती.

सासऱ्यांनी घोडीला नावं ठेवली नाहीत, पण तिच्या अंगाला हातही लावला नाही. ते बैलाचे माणूस. घोडीचं काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं आणि कळत नाही हे सांगायची त्यांना सवय नव्हती.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. भात कापून घरात आलं की गुरं मोकळी सोडायची. पुढच्या पावसापर्यंत रान कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं. कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला हे कुणी विचारत नसे, कारण शेतात धसकटांशिवाय होतंच काय? पण कॅम्पामुळे ताज्या भाजीला गिऱ्हाईक आलं. मग भात निघालं की लोक त्याच ओलीवर वाल टाकू लागले, नदीच्या अंगाला मेथी, मुळा करू लागले. जागोजाग काटेरी कुंपणं आली. वाडवडिलांपासून उघडं असलेलं रान बंद झालं. माणसांना ते कळलं, गुरांना कोण सांगणार? आळीत रोज एकच बोंब, तुझी म्हैस आणि माझी मेथी.

ओढाळ जनावराला जुना इलाज म्हणजे लोढणं. हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका, तो दोरीने गळ्यात अडकवायचा, असा की पुढच्या पायांशी लोंबेल. बैल धावायला गेला की ओंडका पायावर बसतो. दोनदा बसला की बैल शहाणा होतो आणि मुकाट्याने सावकाश चालायला लागतो. सासऱ्यांच्या हातचं लोढणं आळीत नावाजलेलं होतं. लाकूड तासून गुळगुळीत करायचे, जनावराला जखम होऊ द्यायचे नाहीत. कुंपणं आली त्या वर्षी तर लोक रांग लावून त्यांच्याकडून लोढणी करून नेत होते.

आमची घोडी संध्याकाळी मोकळी असायची. हे तिला बांधायलाच तयार नव्हते. "दिवसभर तोंडात लगाम, पाठीला गाडी. घरी तरी तिला सैल वाटू दे," म्हणायचे. सैल वाटलेली घोडी जायची शेजारणीच्या वालात. बैल कुंपण मोडून शिरतो, तेव्हा आवाज तरी होतो. ही वरून उडी मारायची. असलं चोरटं जनावर आळीने पाहिलं नव्हतं. शेजारीण विधवा, उतारवयाची. वालाच्या शेंगा पाटीत घालून कॅम्पात विकायची, त्यावरच तिचं घर. ती येऊन सांगायची, हे हात जोडायचे, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. सासरे मुलाला म्हणाले, "बांध तिला." हे म्हणाले, "घोडी माझी आहे ना? मी बघतो." बाप-लेकांचं त्या साली इतकंच बोलणं व्हायचं.

एक दिवस टांग्याच्या चाकाची लोखंडी धाव निखळली, म्हणून हे चाक घेऊन कल्याणला गेले. घोडी घरी राहिली आणि भर दुपारी पुन्हा वालात गेली. शेजारीण आली ती ओरडत आली नाही. उपटलेले वेल तिने आमच्या पायरीवर ठेवले आणि सासऱ्यांना म्हणाली, "दादा, सगल्या गावाला तुमी लोढनी करून देता. तुमच्या घरच्या जनावराला कोन घालनार?" आणि पदराने डोळे पुसत गेली.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. मग उठले आणि मागच्या बाजूला गेले. बैलाला ते खैराचा ओंडका करायचे, जड. घोडीसाठी त्यांनी पांगारा घेतला, हलका. "हिचे पाय बारीक हायेत," मला म्हणाले. दुपारभर बसून तासला. दोरी मानेला काचू नये म्हणून माझ्याकडून जुन्या लुगड्याचा धडपा मागून घेतला आणि गुंडाळला. घोडीला पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा. ती उभी राहिली शहाण्यासारखी. त्यांनी तिच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाले, "चांगली हाय गं ही." मला वाटलं, चला, म्हाताऱ्याने घोडी घरात घेतली एकदाची.

चुकलं कुणाचं, ते मी आयुष्यभर उगाळलं आहे आणि मला ते कुणाच्याच अंगाला लावता आलेलं नाही. बैलाच्या मुलुखातला माणूस बैलाचाच इलाज करणार. आळीत दहा जण ते बघून गेले, त्यांतला एकही म्हणाला नाही की घोडीला असं घालत नाहीत.

दिवस कलताना हे स्टेशनावरून माळाच्या वाटेने आले. लांबून त्यांनी तोंडाने चकचक केलं, रोज करायचे तसं. माळावर चरणाऱ्या घोडीने कान टवकारले आणि निघाली. बैलाला ओंडका लागला की तो थांबतो. घोडीला लागला की ती घाबरते आणि आणखी जोरात पळते. त्यात लाकूड हलकं, ते जड ओंडक्यासारखं लोंबेना, उडायला लागलं. एकदा गुडघ्यावर बसलं, एकदा पोटाखाली गेलं, आणि मग दोन पायांच्या मधे अडकलं. ती पडली त्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. हे धावले. मी ह्यांना धावताना पहिल्यांदा बघितलं, आणि देवाने पुन्हा दाखवू नये. जाऊन बघते तर पुढचा पाय गुडघ्याच्या खाली दुसरीकडेच वळला होता. घोडी उठायला बघत होती आणि हे तिच्या मानेवर आडवे पडून तिला खाली धरत होते.

सासरे मागून आले. त्यांनी ओंडका सोडवला आणि हातात धरून उभे राहिले. ह्यांनी एकदा ओंडक्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. म्हटलं, आता शिव्या देतील, अंगावर जातील. गेले असते तर बरं झालं असतं. ते परत घोडीच्या मानेवर वाकले.

दुसऱ्या दिवशी निरोपावरून कॅम्पातून एक सिंधी गृहस्थ आले, ह्यांच्या टांग्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. सिंधमध्ये त्यांच्या घरी घोडे होते म्हणे. त्यांनी पायावरून हात फिरवला आणि ह्यांच्या खांद्यावर ठेवला. "साईं, अब इसको मत तड़पाओ," म्हणाले. पलीकडच्या गावातल्या बंदूकवाल्याला बोलवावं लागलं. त्याने गोळी घातली तेव्हा हे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बाजूला व्हा म्हटलं तर झाले नाहीत. माळाची जमीन उन्हाने दगड झालेली. सासऱ्यांनी खड्डा एकट्याने खणला. मदतीला आलेल्या माणसांना त्यांनी परत पाठवलं आणि अंधार पडेपर्यंत पहार मारत राहिले.

दिवस-कार्याइतके दिवस गेले आणि एका सकाळी सासऱ्यांनी बैलांची जोडी सोडून अंगणात आणली. कासरे ह्यांच्या पुढ्यात ठेवले. "जा, वीक यांना. दुसरी घोडी घे," म्हणाले. शेतकऱ्याने जोडी विकायला काढणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. हे ओटीवर, आपल्या जुन्या जागी बसले होते. कासऱ्याला शिवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "जोडी राहू द्या. तुम्हाला चिखलात उभं राहता येतं."

सासऱ्यांनी कासरे उचलले आणि बैल परत गोठ्यात नेले. त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं संपलं. एका ताटलीतलं मीठ दोघे घ्यायचे, पण "दे" म्हणायचे नाहीत. मी मधे बसून सरकवायची. टांगा अंगणात पडून राहिला. त्याच्या बैठकीखाली कोंबड्या अंडी घालायच्या. मी ह्यांना समजावलं, भांडले, एकदा दोन दिवस जेवले नाही. काडीचा उपयोग झाला नाही. मला तर वाटायचं की ह्या दोघांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी लावावी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

पुढच्या वर्षी भात घरात आलं, गुरं सुटली. आमच्या जोडीतला एक बैल पक्का ओढाळ. सासऱ्यांनी त्याला लोढणं घातलं नाही. लोकांची करून देणंही त्यांनी थांबवलं होतं. बैल रोज कुणाच्या तरी भाजीत. एकदा लोकांनी तो कोंडवाड्यात नेऊन घातला. म्हातारा गेला, सगळ्यांचं ऐकून घेतलं, बैल सोडवून आणला. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा वालात. ज्या माणसाकडे गाव सल्ल्याला यायचं, त्याच्या मागून पोरंसोरंही बोलू लागली.

अशाच एका दुपारी ते बैल घेऊन आले. बाहेर कोण कोण अजून बोलत होतं. ते दावं हातात धरून अंगणात उभे, घामाने निथळत. हे ओटीवरून उठले. लाकडाच्या ढिगातून खैराचा एक ओंडका काढला, कोयता घेतला आणि खाली बसून तासायला लागले. सासऱ्यांनी ते बघितलं. दावं खुंटाला अडकवलं आणि ते मागच्या पडवीत निघून गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले तर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पुढून ह्यांचा आवाज आला. "बाबा, दोरी किती ठेवू?"

म्हाताऱ्याने माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग हळूच, भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "गुडघ्याखाली चार बोटं." ते पुढे ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी जाऊन सांगितलं, गुडघ्याखाली चार बोटं. ह्यांनी बैलाच्या पायाशी बोटं लावून मोजलं, दोरी बांधली आणि बैल सोडला. ओंडका पायावर बसला. बैल थांबला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग सावकाश चालायला लागला. हे कुंपणापर्यंत त्याच्या मागे गेले, तो पडतो का बघत. नाही पडला. तो पार वळणाआड गेल्यावर हे परत आले, कोयता आत ठेवला आणि ओटीवर जाऊन बसले.