पिशवीतला लाल दिवा

आमच्या महाडच्या गल्लीत नगरपालिकेचा भोंगा वाजला की माणसं आभाळाकडे बघत नाहीत, माळ्याकडे बघतात. त्या मोठ्या पुराने घरात गळ्याइतकं पाणी आणल्यापासून आम्हाला ही शिस्त लागली आहे. मिक्सर, सातबारा, मुलांची सर्टिफिकिटं, सगळं खताच्या जाड पिशव्यांत जातं, तोंड सुतळीने आवळलं जातं आणि वर चढतं. यंदा सावित्री नदी फुगली तेव्हा मीही सगळं वर चढवलं. पाणी चौकापर्यंत आलं आणि माघारी गेलं.

सोमवारी मी कॉम्प्युटर खाली उतरवला. इंटरनेटचा डबा मात्र दारावरच्या फळीवर पिशवीतच ठेवून चालू केला, कारण भोंग्याचा काय भरवसा? बाहेरून डब्यात येणाऱ्या वायरीच्या उरलेल्या लांबीचं वेटोळं करून तेही सुतळीने करकचून बांधलं. गाठ मारण्यात आम्हा महाडकरांचा हात कोणी धरणार नाही. कॉम्प्युटर लावला तर इंटरनेट बंद.

एरवी चार दिवस तसेच काढले असते. पण आईला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते, आणि नजर अधू झाल्यापासून मोबाईलवरचे ओठ तिला दिसत नाहीत, कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावरचेच दिसतात. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, मुंबईला हॉस्पिटलात होती. गुरुवारी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि आदल्या दिवशी चार वाजता दोघी बहिणी बोलणार होत्या. दोघी पोलादपूरकडच्या एका वाडीत वाढलेल्या. आईने सोमवारपासूनच ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ते स्वतः शिकलो, आणि विंडोज वापरणाऱ्यांची मला कीव येते हे मी लपवत नाही. त्यामुळे बिघाड झाला याचं वाईट वाटण्याऐवजी मला थोडा आनंदच झाला. काळ्या खिडकीत मी आज्ञा टाइप केल्या. डब्याला हाक मारली, त्याने ओ दिली. डब्यापलीकडच्या जगाला हाक मारली, सगळं चिडीचूप. म्हणजे चूक सेटिंगमध्ये, असा मी निकाल दिला आणि एकेक फाईल उघडून दुरुस्त करत सुटलो. मंगळवार संध्याकाळपर्यंत डबासुद्धा ओ देईनासा झाला, आणि मोबाईलचं नेटही कॉम्प्युटरला जोडता येईना.

आई मागे खुर्ची टाकून बसली होती. "त्या डब्याला पिशवीतून बाहेर काढ रे," ती म्हणाली. "त्याचा जीव गुदमरत असंल."

मी तिच्याकडे वळून, ओठ नीट हलवत, वायरलेस लहरी प्लास्टिकमधून आरपार जातात हे समजावलं. तिने मान डोलावली. माझे विद्यार्थीही अशीच मान डोलवायचे.

कंपनीला फोन केला तर तिकडच्या मुलीने विचारलं, "सर, विंडोज कोणतं आहे?" मी लिनक्सवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "सर, मग आधी विंडोज टाकून बघा." मी फोन आपटला. तक्रार राहिली बाजूला.

बुधवारी चार वाजता मावशीचा फोन माझ्या मोबाईलवर आला. आईने तो डोळ्यांना लावला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. पडद्यावर मावशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी मध्ये पडून सांगू लागलो तर आईने मला हाताने गप्प केलं. तिला बहिणीच्याच तोंडून हवं होतं. शेवटी आई नुसतंच "हां गो, हां" म्हणत राहिली. तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी माझ्या फाईली पूर्ववत केल्या, कंपनीला फोन लावला आणि विंडोज आहे असं धडधडीत खोटं सांगून तक्रार नोंदवली.

गुरुवारी दुपारी त्यांचा माणूस आला. त्याने कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. स्टुलावर चढून त्याने पिशवी सोडली. आत लाल दिवा लागला होता, बहुधा सोमवारपासून. "काका, ही काचेची तार हाय," तो म्हणाला. "इतकी आवळली की उजेड पुढं जात नाय." त्याने सुतळी कापली, वेटोळं सैल केलं. दिवा हिरवा झाला.

ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावसभावाने व्हिडिओ लावला. आई लुगडं नेसून पडद्यासमोर बसली. चित्र एकदम स्वच्छ होतं, चादरीवरचा शिक्कासुद्धा वाचता येत होता. मावशीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मास्कच्या आत ओठ हलत होते एवढंच कळत होतं.

"तोंड दिसत नाय गो तुझं," आई म्हणाली.

मास्क दोन दिवसांनी काढतील, असं भावाने सांगितलं. ते मी आईला सावकाश सांगितलं. पडद्यावरची नजर न काढता तिने माझा हात धरला.

"तोवर तू काय दुरुस्त करू नको."